शिरेचं एकवचन

श्यामरावांच्या डाव्या पोटरीवरची शीर सकाळी निळी आणि सपाट असे. संध्याकाळपर्यंत जांभळी होऊन करंगळीएवढी फुगे. गुडघ्याखालून निघून दोन वळणं घेत ती घोट्याच्या आतल्या बाजूला उतरे, आणि तिथे वाटाण्याएवढा एक फुगवटा होता. त्याच्यावरची कातडी इतकी पातळ झाली होती की खालचा रंग आरपार दिसे. पाय उशीवर ठेवून पडलं की सगळं हळूहळू ओसरे.

श्यामरावांना यात नवल वाटत नव्हतं. त्यांची सगळी नोकरी प्लांटमधल्या पाण्याच्या पाइपलाइनींवर गेली होती. पायातलं रक्त वर चढताना मागे फिरू नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात आणि तुमच्या त्या ढिल्या झाल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते खूशच झाले होते.

"म्हणजे व्हॉल्व्ह गेला! बदलून टाका मंग."

झडपा बदलत नाहीत, ती शीरच आतून बंद करून टाकतात, असं डॉक्टर म्हणाले.

"लाइनच बंद केली तर रक्त जाईन कुठं?"

"उसकी चिंता आप मत कीजिए."

प्लांटमध्ये फोरमन हे वाक्य बोलला की श्यामराव आधी बाहेर पडायचा रस्ता हेरून ठेवत. इथेही त्यांनी तेच केलं. तेव्हापासून ऑपरेशन पुढे सरकत होतं. आधी लग्नसराई आली, मग दिवाळी, मग थंडी. आता ते म्हणत होते, "कूलर लावून होऊ दे."

तो कूलर एप्रिलातल्या एका सकाळी कोहका वस्तीतल्या घरात ते खिडकीशी सरकवत होते. लोखंडी स्टँडचा कोपरा नेमका त्या वाटाण्याला लागला. दुखलं काहीच नाही. पण रक्ताची बारीक धार उडाली आणि भिंतीपर्यंत गेली. श्यामराव उभ्या उभ्या बघत राहिले.

"प्रेशर बरंच हाय," ते म्हणाले.

अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि किंचाळल्या. "अजी, कावून पाहून राहिले? बसा ना खाली!" मुलगा अभिनव रेल्वेत इंजिनावर, ड्यूटीवर त्याचा फोन बंद. त्यांनी सुनेला फोन लावला. रीना मोहन नगरच्या एका ऑफिसात होती.

"रीना! बाबाची शीर फुटली! लय रक्त जाऊन राहिलं!"

रीना हिंदी घरातली. मराठी तिने लग्नानंतर कानांनी गोळा केली होती. पहिल्याच वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या शिरा आखडल्या," आणि तिने धावत जाऊन सकाळच्या शिऱ्यात कपभर दूध ओतलं होतं. शिरा म्हणजे नसा, हे तेव्हापासून तिला पाठ होतं. पण एकच असली की ती शीर होते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. 'सिर फूटा' ऐवजी 'फुटली' ऐकूनही तिला शंका आली नाही. सासूबाईंच्या हिंदीत दही, ट्रेन आणि पंखा यांची लिंगं कधी जागेवर नसत. त्यात आज डोक्याची भर.

"सिर फूट गया? हे भगवान! मम्मीजी, सिर ऊपर रखिए, एकदम ऊपर! और कपड़े से कसके दबाइए!"

"शीर वर ठेवा म्हणते!" अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याला फरशीवर आडवं केलं, पाय दिवाणावर दोन उशांवर चढवला आणि टॉवेलाची घडी त्या जागी दाबून बांधली. बघता बघता धार थांबली.

"थांबलं वो! पोरगी हुशार हाय."

"सिर ऊपर है ना?" फोनमधून रीना.

"हो, दोन उशांवर हाय!"

"होश में हैं?"

"होशामंदी हाय, पण पाइपाच्याच गोष्टी करून राहिले."

श्यामराव खरोखरच फरशीवरून सांगत होते, "उंचीवर नेलं तर प्रेशर उतरनच ना. साधी गोष्ट हाय." रीनाने ते ऐकलं. सासरे बरळायला लागले, असं समजून तिने अँब्युलन्स बोलावली, आणि ती पोहोचेपर्यंत कोणीतरी हवं म्हणून शेजारच्या नत्थूलाही फोन केला.

नत्थू धावत आला. भिंतीवर रक्त, फरशीवर रक्त, आणि कका डोकं खाली, पाय वर करून पडलेले.

"कका के मूड़ फूटगे, अउ तुमन गोड़ ला ऊपर करे हव?" तो इथल्या बोलीत ओरडला. फुटलंय डोकं आणि वर ठेवलेत पाय, हे त्याला पटेना. त्याने श्यामरावांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि आपला खांद्यावरचा गमछा त्याला करकचून बांधला. त्याचे हात फरशीवर टेकल्याने रक्ताने भरलेले होते. गमछाही लाल झाला.

"अबे नत्थू, डोक्याले काही नाही झालं!"

"चुप राह कका, झन गोठिया." बोलू नका, असा त्याचा हुकूम होता.

अँब्युलन्सवाल्यांनी रक्ताळलेला गमछा पाहिला, अन्नपूर्णाबाईंचं 'शीर फुटली' ऐकलं आणि मानेला पट्टा बांधला. पायावर चादर घातली, टॉवेलसकट.

"भाऊ, मेरे सिर को कुछ नहीं हुआ."

"सब यही बोलते हैं, अंकल."

हॉस्पिटलात नर्सने डोळ्यांत टॉर्च मारला. "कौन सा महीना चल रहा है?"

"अप्रैल. पर सिस्टर, लाइन बंद कर देंगे तो खून जाएगा किधर?" हॉस्पिटलात आलोच आहोत तर विचारून घ्यावं, एवढाच त्यांचा हेतू होता. नर्सने कागदावर काहीतरी लिहिलं आणि आणखी एका माणसाला बोलावलं.

तेवढ्यात रडवेली रीना आली. "पापाजी, मुझे पहचानते हैं?"

श्यामरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग नत्थूकडे, मग पलंगाची कड धरून उभ्या असलेल्या दोन वॉर्डबॉयकडे. इतकी शहाणी माणसं सांगताहेत, म्हणजे लागलं असेलही डोक्याला, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. त्यांनी हळूच गमछा चाचपला. डोकं खरंच दुखत होतं. गाठ घट्ट होती.

स्कॅन झाला. तरुण डॉक्टरबाई फिल्म उजेडाकडे धरून म्हणाल्या, "सिर में तो कुछ नहीं है."

"ते मले लग्नापासून माहीत हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पण शीर तं पायात हाय ना!"

अन्नपूर्णाबाईंनी चादर ओढली. डॉक्टरबाईंनी टॉवेल सोडला, घोटा बघितला, पुन्हा एकदा डोकं बघितलं.

"एक हो तो शीर," रीना सावकाश म्हणाली, "और ज़्यादा हों तो शिरा?"

"मंग! तुले माहीत नव्हतं?"

"इतने साल में किसी ने बताया ही नहीं, मम्मीजी!"

"पैर ऊपर किसने रखवाया?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "बिल्कुल सही किया. खड़े रहते तो बहुत खून चला जाता."

"आमच्या सुनेनं," अन्नपूर्णाबाई अशा काही अभिमानाने म्हणाल्या की रीनाने उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"ये फिर फूटेगी. ऑपरेशन करवा लीजिए." आता सगळ्यांनी छताकडे बघितलं. पुढचं वाक्य घरात सर्वांना पाठ होतं.

"डॉक्टर मॅडम," श्यामराव म्हणाले, "लाइन बंद करेंगे, तो खून जाएगा किधर?"

नर्सने डॉक्टरबाईंकडे अर्थपूर्ण पाहिलं. पण डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या. "अच्छा सवाल है," त्या म्हणाल्या, आणि श्यामरावांच्या पोटरीवर बोट ठेवून समजावू लागल्या. ही वरची शीर छोटी. मोठी वाट आत आहे, मांसामध्ये. चालताना पोटरी आवळते, ती त्या आतल्या शिरेला पिळते आणि रक्त वर ढकलते. वरची ही बिघडलेली शीर तेच रक्त पुन्हा खाली सोडते. हिला बंद केलं की रक्त आतल्या वाटेने सरळ वर जातं.

श्यामरावांनी डोळे मिटले. त्यांचं बोट चादरीवर एक रेघ वर ओढत गेलं, एक आडवी आली, मग थांबलं.

"म्हणजे मेन लाइन आतून चालू हाय," ते म्हणाले. "हा नुसता बायपास हाय, आन् तोच लीक मारून राहिला."

"हाँ. बिल्कुल वही."

"मंग हे पहिल्याच दिवशी सांगाले काय झालं होतं?"

त्यांनी डोक्यावरचा गमछा सोडला, घडी केली आणि नत्थूच्या हातात दिला. अन्नपूर्णाबाई बोटांवर मोजत होत्या. दिवाळी जवळ नव्हती, थंडी नव्हती, आणि कूलर खिडकीशी पोचला होता.

"करून टाका ऑपरेशन," श्यामराव म्हणाले. मग नर्सने पेन उचललेलं पाहून घाईघाईने उठून बसले. "पण सिस्टर, उधर पैर लिखना. शीर मत लिखना."