अठरा गेजचे बबनअण्णा

एखादी वस्तू आवडली की बबनअण्णा तिला पत्र्यात घालतात. आमच्या मजल्यावर समोरच राहतात. मूळचे इथले, पुनावळे गावचेच. कुरुळीला त्यांची शेड आहे, तिथे पत्रा कापून, वाकवून कंपन्यांसाठी पेट्या बनतात. उरलेला पत्रा घरी येतो. सिलिंडरला पिंजरा, दारावरच्या बेलला छप्पर, चपलांना कपाट. माझ्या गुलाबाचं त्यांनी एकदाच कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी कुंडीभोवती निळा पत्रा. गुलाब आत, आम्ही बाहेर.

"पत्र्याला तोड न्हाई, भाऊ," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात उरले अण्णा आणि मुलगी मनीषा. ती गेल्या वर्षी नोकरीसाठी जर्मनीला गेली. मध्यंतरी तिने तिकडूनच ऑर्डर करून अण्णांना लॅपटॉप पाठवला. रविवारी चार वाजता त्यावरून नवं घर दाखवणार होती. अण्णांना घरात रस नव्हता. "धाव्या मजल्यावर ऱ्हाती पोरगी. बाल्कनीला ग्रील हाय का, तेवढं डोळ्यानं बघायचंय."

पण लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जाईना. अण्णांनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं. मग शेडमधल्या प्रेस मशीनसारखा अर्धा तास नुसताच चालू ठेवून तापवला. पासवर्ड तर ते असा टाकत, की प्रत्येक अक्षर खालच्या टेबलावर उमटावं. रविवारी जेवण उरकतंय तोच त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, जरा या. माल रिजेक्ट दिसतोय."

मी पाहिलं. लॅपटॉपवर माझं वायफाय दिसत होतं, वरच्या मजल्यावरचंही दिसत होतं. अण्णांचं मात्र क्षणभर डोकावायचं आणि जोडायला गेलं की गायब.

"अण्णा, तुमचा राउटर कुठाय?"

त्यांनी अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. तिथे पिवळ्या रंगाची, बिजागरी-कुलपाची दणदणीत लोखंडी पेटी होती.

"अठरा गेजचा जाड पत्रा," अण्णा म्हणाले. "मनी गेल्यावर बनवली. धूळ बसती हो."

"अहो, लोखंडातून सिग्नल बाहेर येणार कसा? तुमचा फोन तरी कसा चालतो?"

"त्याला कार्डाचं नेट हाय. हे मनीचं, घरून काम करायची त्याचं."

"मग वर्षभर हे वापरतंय कोण?"

"कोन न्हाई."

मी कपाळाला हात लावला. पेटी काढा म्हटलं तर अण्णांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या सोयरिकीत खोट काढली. "भोकं पाडू का अजून चार?" म्हणाले. तेव्हा कुठे माझं लक्ष पेटीला समोरून पाडलेल्या एकुलत्या एक बारीक भोकाकडे गेलं.

"हे कशाला?"

अण्णा आपल्या खुर्चीत जाऊन बसले. भोक बरोबर त्यांच्या नजरेच्या रेषेत होतं. आतला हिरवा दिवा लुकलुकत होता.

"मनी दार लावून काम करायची. मधी बोललेलं चालायचं न्हाई. मी हितं बसायचो गप. ह्यो दिवा लुकलुकला की कळायचं, पोरगी घरात हाय." भोकाकडे बोट करत म्हणाले, "अजून लुकलुकतोय."

मी एरवी त्यांची टर उडवायला टपलेला असतो. त्या वेळी मात्र वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. अण्णाच उठले, पाना आणला आणि चारही बोल्ट सोडवून पेटी खाली उतरवली. लॅपटॉप लगेच जोडला गेला.

चार वाजता मनीषा पडद्यावर आली. स्वयंपाकघर दाखवलं, खिडकी दाखवली, शेवटी बाल्कनी. नुसती काच.

"ग्रील कुठाय गं?"

"अण्णा, इथं कुणी लावत नाही."

"माप पाठव."

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "पाठवते."

राउटर आता उघडाच आहे. अण्णा रोज फडक्याने पुसतात. रिकामी पेटी त्यांनी माझ्या राउटरसाठी देऊ केली, मी हात जोडले. मनीषाने माप खरंच पाठवलं. ग्रील शेडमध्ये तयार उभी आहे, कडा घासून गुळगुळीत केलेली. ती जर्मनीला जाणार कशी, हे अण्णांना ठाऊक नाही. मीही विचारलेलं नाही.