फोरमनचा उजवा पाय

डोंगरावर गाडी चढवायची तर लॉकर पाहिजे, बाकी सगळी सजावट, हे वाक्य फोरमन दिवसातून निदान चार वेळा बोलत असे. गिऱ्हाईक नुसती टायरमध्ये हवा भरायला आलेलं असलं तरी लॉकरविषयी ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. खरं तर तो फोरमन होता फक्त चार महिने, तेही एकतीस वर्षांपूर्वी एका खाणीत. पुढे खाण बंद पडली, गॅरेज निघालं, डोक्यावरचे केस गेले, पण नाव काही गेलं नाही.

लॉकर म्हणजे काय, हे तो असं समजावून सांगायचा. मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शिअल असतो. वळणावर एक चाक जास्त फिरतं, एक कमी, ते भांडण तो मिटवतो. फार गुणी. पण एक चाक हवेत लटकलं की या गुणी बाळाची बुद्धी फिरते. जे चाक रिकामं, त्यालाच तो गरागरा फिरवत बसतो आणि जमीन धरून उभं असलेलं चाक नुसतं बघत राहतं. आमच्या ऑफिसात असंच चालतं, असं एक कारकून गिऱ्हाईक यावर म्हणालं होतं. लॉकर लावला की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात. फिरतील तर दोघं मिळून, आणि मग गाडी निघतेच.

नव्या गाड्यांत लॉकरच्या जागी ट्रॅक्शन कंट्रोल असतं. रिकामं फिरणाऱ्या चाकाला गाडीतला कॉम्प्युटर आपणहून ब्रेक लावतो, की झक मारत जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. फोरमनला हे अजिबात पटत नसे. काम न करणाऱ्याला चिमटा काढल्याने काम करणाऱ्याला जोर कसा येईल, असं तो विचारायचा, आणि उत्तर द्यायला कुणी थांबत नसे.

अशा माणसाकडे सरकारी कागद आला, ही चूक त्याच्या ताईची.

ताई म्हणजे थोरली बहीण. डोंगरावरच्या दवाखान्यात ती बावीस वर्षं नर्स होती, बाळंतपणंही तीच करायची. खालच्या रस्त्यापासून दवाखान्यापर्यंत दीड किलोमीटर चढ, आणि लसींची पेटी खांद्याला अडकवून तो ती पायी चढायची. गाडीसाठी तिने इतके अर्ज केले होते की खात्यातले लोक तिचं अक्षर ओळखू लागले होते. आता शेवटी एक गाडी मिळणार होती. पांढरी, कोरी, ट्रॅक्शन कंट्रोलवाली. चढाची माहिती असलेल्या मेकॅनिकने ती दवाखान्यापर्यंत नेऊन ‘योग्य’ असा शेरा मारायचा, एवढीच अट होती. ताईने मोठ्या अभिमानाने भावाचं नाव कळवलं.

भावाने मनात ठरवून टाकलं की ‘अयोग्य’ लिहायचं. त्यात दुष्टावा काही नव्हता. ही नाकारली की खातं लॉकरवाली पाठवेल आणि ताईला जन्मभर पुरेल अशी गाडी मिळेल, असा त्याचा हिशेब होता. बहिणीवर त्याचा फार जीव होता, फक्त हा बेत तिला विचारावा असं त्याला सुचलं नाही. खात्याचे डोळे उघडावेत म्हणून आपली लॉकरवाली जुनी जीपही त्याने आदल्या दिवशीच चढाच्या पायथ्याशी आणून ठेवली.

तपासणीच्या सकाळी तो स्टिअरिंगवर बसला. शेजारी खात्याच्या तपासनीसबाई, मांडीवर कागदांचं पॅड. मागे ताई, तिच्या मांडीवर लसींची पेटी. लसीकरणाचा दिवस होता, वर सतरा आया बाळं घेऊन बसल्या होत्या.

अर्धा चढ गाडी गुणगुणत चढली. मग घळ आली. पावसाच्या पाण्याने तिथे रस्ता तिरका कापून काढला होता. कुठलीही गाडी त्यात शिरली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत. फोरमनने छाती भरून श्वास घेतला आणि गाडी घातली. लटकलेली चाकं रिकामी फिरली, आणि लगेच गाडीच्या पोटातून खडखडखडखड असा आवाज सुरू झाला, जिन्यावरून पान्यांची पेटी सांडावी तसा. फोरमनचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवरून ताडकन उचलला गेला. गाडी मागे घरंगळली.

“दमली,” तो म्हणाला. तपासनीसबाईंनी लिहून घेतलं.

दुसऱ्यांदाही तेच झालं, तिसऱ्यांदाही. मनात ‘अयोग्य’ ठरलेलं असलं तरी तो लबाडी करत नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. एकतीस वर्षं त्याने गाड्यांची दुखणी कानाने ओळखली होती. यंत्र कण्हतंय असं कानाला कळलं की त्याचा पाय डोक्याला न विचारताच उठत असे. बिचाऱ्या कॉम्प्युटरने चिमटा काढायला हात पुढे करावा, आणि फोरमनने इंजिनाचाच गळा आवळावा, असं तीनदा झालं.

बाईंनी पॅड मिटलं. गाडी उद्याच पलीकडच्या डोंगरावर जाईल, तिथले लोकही वाटच बघताहेत, असं त्यांनी सांगितलं.

“आणि इथे लॉकरवाली कधी येईल?” फोरमनने विचारलं.

“कुठली लॉकरवाली? यादीत ही एकच गाडी आहे. पुढची यादी तीन वर्षांनी.”

फोरमनने आरशात पाहिलं. तिने पेटी बाजूला सरकवली होती आणि ती गुडघा चोळत होती. आजपासून आणखी तीन वर्षं, हे ती मनात मोजतेय असं त्याला वाटलं. आपण काय करून बसलो हे त्याला त्या क्षणी कळलं.

मग त्याने जे केलं ते घाबरलेला हुशार माणूसच करू शकतो. घळ तेवढी दोराने ओढून पार करू, पुढचं ही गाडी स्वतः चढेल, अशी त्याने बाईंना गळ घातली. ओढलेली गाडी चढलेली धरत नाहीत, असं त्या सांगत होत्या तोवर तो धावत खाली जाऊन जीप घेऊन आलासुद्धा. उभ्या गाडीच्या बाजूने पुढे काढून लॉकरचा दांडा खेचला आणि जीप घळीत घातली. काय सांगावं, दोन चाकं हवेत असताना ती म्हातारी, पायरी चढावी तशी, सहज पार झाली. फोरमनने खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं. बाईंनी पॅड उघडलं होतं.

पण घळीनंतर रस्ता कडेच्या चराकडे कलता होता आणि वर ओली चिकणमाती होती. अशा जागी लॉकर बंद करायचा असतो. जखडलेली दोन्ही चाकं एकदम घसरतात, मग गाडीला आडवं धरून ठेवणारं कुणी उरत नाही. हे तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा, फक्त शेवटी, आणि तोवर गिऱ्हाईक गेलेलं असायचं. आज तो स्वतःच तिथवर पोचला नाही. जीपचा मागचा भाग सावकाश, मोठ्या अदबीने चराकडे सरकला, आत उतरला आणि तिथेच बसला. नाक आभाळाकडे. दोर अजून जीपमध्येच गुंडाळलेला होता.

कुणी हसलं नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं.

ताई गाडीतून उतरली. पेटी तिने मागच्या सीटवर पट्ट्याने नीट बांधली आणि येऊन स्टिअरिंगवर बसली. तिने लायसन्स सहा वर्षांपूर्वीच काढून ठेवलं होतं, गाडी आलीच तर तयारी असावी म्हणून. मेकॅनिक गाडीत असला म्हणजे झालं, चालवावी कुणी हे कागदात लिहिलेलं नाही, असं बाईंनी तपासून सांगितलं आणि त्या मागे जाऊन बसल्या. फोरमन खाली मान घालून शेजारी बसला.

ताईने गाडी घळीत घातली. चाकं लटकली, फिरली, आणि खडखड सुरू झाली. फोरमनचा उजवा पाय आपोआप वर आला आणि हवेतच राहिला, कारण तिकडे पेडल नव्हतं.

“ताई, थांब. काहीतरी तुटतंय.”

“ओरडू दे,” ताई म्हणाली. तिचा पाय केसभरही हलला नव्हता. “ओरडतंय म्हणजे काम चालू आहे. गप्प झालं की घाबरायचं. बावीस वर्षं बाळंतपणात तेच बघतेय.”

एक सेकंद गेला, दोन गेले. फोरमनला राहवेना. त्याने खिडकीतून बाहेर वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं, आणि मग तो बघतच राहिला.

लटकलेल्या चाकाला कुणीतरी धरत होतं आणि सोडत होतं. धरत, सोडत, पुन्हा धरत, इतक्या वेगाने की माणसाच्या हाताला जन्मात जमलं नसतं. तीच ती खडखड. आणि त्याच बाजूचं मागचं, जमीन धरून उभं असलेलं चाक, जे इतका वेळ नुसतं बघत होतं, ते हळूच फिरू लागलं. एक बोट. मग एक वीत. मातीत दात रोवल्यासारखं ते पुढे झालं, गाडीला एक हुंदका आला आणि ती सगळीच्या सगळी वर उचलली गेली. फोरमनच्या अंगावर काटा आला. आयुष्यात त्याने हजार गाड्यांचे ब्रेक खोलले होते, घासले होते, बदलले होते. थांबवण्याचं सामान गाडीला डोंगर चढवू शकतं, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. त्याने वळून ताईकडे पाहिलं. ती समोर बघत होती, पाय तस्साच. तिथे आत जे काही घडतंय ते घडू द्यायचं, आपण फक्त घाई करायची नाही आणि सोडायचंही नाही, हे तिला कुणी शिकवलं असेल, असं त्याला वाटून गेलं. हवेत राहिलेला उजवा पाय त्याने हळूच खाली टेकवला.

दवाखान्याच्या दारात ताईने हँडब्रेक ओढला, पेटी उचलली आणि ती कामाला लागली. माझी जीप तेवढी या गाडीने ओढून काढू या का, असं फोरमनने दोनदा विचारलं. आधी सतरा बाळं, मग तू, असं म्हणून तिने त्याला बाकावर बसवलं. रडणाऱ्या सतरा बाळांमध्ये तो तीन तास बसला. शेजारी तपासनीसबाई कागद भरत होत्या.

“बोला,” त्या म्हणाल्या. “लॉकरच्या जागी ट्रॅक्शन कंट्रोल चालेल का?”

फोरमनने प्रामाणिकपणे सांगितलं की या चढाला चालेल, रोज चालेल, पाय स्थिर ठेवणारा माणूस असला तर. मात्र गाडी पार पोटापर्यंत रुतली तर अजूनही लॉकरच बरा, आणि त्याचं कारण असं की...

“एवढी जागा नाही कागदावर. योग्य की अयोग्य?”

“योग्य,” फोरमन म्हणाला.

बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला. सहीच्या वर एक ओळ रिकामी होती, ‘वापरासाठी अट, असल्यास’. फोरमनने बराच वेळ पेन हातात धरून विचार केला. मग स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘गाडी चालवताना शेजारी मेकॅनिक बसवू नये’, आणि सही ठोकली.

बाईंनी ते वाचलं. ‘शेजारी’ हा शब्द खोडून त्यांनी वर ‘गाडीत’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. त्यामुळे दुपारी ताई जीप ओढायला खाली निघाली, तेव्हा फोरमनला गाडीच्या मागून चालत उतरावं लागलं.