अँटिबॉडी शिवेना

डॉ. विद्याधर काळदाते गेले त्याच्या दहाव्या दिवशी, संस्थेच्या रिवाजाप्रमाणे त्यांचे शेवटचे नमुने अँटिबॉडीपुढे ठेवले, आणि अँटिबॉडी काही शिवेना.

नमुने म्हणजे त्यांनीच वाढवलेल्या पेशींमधली प्रथिनं. आजारी पडण्याआधी त्यांनी ती काढून डीप फ्रीजरमध्ये ठेवली होती. काही प्रथिनांवर ॲसिटिलची बारीकशी खूण असते. ही अँटिबॉडी ती खूण पाहूनच चिकटते, आणि चिकटली की प्रथिनं ज्यावर उतरवतात त्या मेंब्रेनच्या, कागदासारख्या पांढऱ्या तुकड्यावर काळा पट्टा उमटतो. मात्र गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल, तर खूण असूनही ती शिवत नाही. हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी चकित झालं नाही. सगळ्यांनी फक्त मंदाकिनीबाईंकडे पाहिलं.

त्या काळदात्यांच्या पत्नी. त्याच प्रयोगशाळेत, त्यांच्या शेजारच्याच टेबलावर काम करणाऱ्या.

"नमुना खराब झाला असेल," त्या म्हणाल्या.

"नाही हो मॅडम," संचालक एरंडे समजुतीच्या स्वरात म्हणाले. "खूण पुसली जाऊ नये म्हणून औषध घातलंय त्यांनी. शिवाय शेजारी तेजश्रीचा नमुना लावलाय. बघा ना."

तेजश्री काळदात्यांची विद्यार्थिनी. तिच्या नमुन्यावर ठसठशीत पट्टा उमटला होता. ती ओशाळून मागे सरकली.

मग वचनं सुरू झाली. एकाने वचन द्यायचं, मेंब्रेन पुन्हा अँटिबॉडीत बुडवायचं, धुवायचं, कॅमेऱ्याखाली धरायचं.

"काळदाते, तुमच्या नावाने दरवर्षी व्याख्यान ठेवू," एरंडे हात जोडून म्हणाले. पट्टा नाही.

"सर, मी प्रबंध मुदतीत देईन," तेजश्री म्हणाली. पट्टा नाही.

"हे तर तिचं तिलाही पटलं नसेल," गणपुले पुटपुटले. ते काळदात्यांचे हॉस्टेलपासूनचे मित्र. स्वतः पुढे होऊन म्हणाले, "विद्या, तुझी स्कूटर भंगारात जाऊ देणार नाही. बस?" तरीही नाही.

"वहिनी, आता तुम्हीच. तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार?" गणपुले मंदाकिनीबाईंकडे वळले.

मंदाकिनीबाईंनी हात जोडले. "अहो, आपल्या निनादचं शिक्षण अडू देणार नाही." पांढरं. "आईंना माझ्याजवळच ठेवीन." पांढरं. "तुमचा अर्धा राहिलेला पेपर मी पुरा करीन." तेही पांढरंच. फोटोगणिक त्यांचे कान तापत गेले. काळदाते बाटली कशी हलवायचे, नळ्यांवर कुठल्या शाईने लिहायचे, सगळं त्यांना पाठ होतं. नवऱ्याला काय हवं होतं, ते मात्र आठवेना. घरी बोलणं व्हायचं ते दुधाचं, गॅसचं, उद्याच्या नमुन्यांचं.

एरंडे खाकरले. "मग... ती दुसरी आणायची का?"

दुसरी म्हणजे फ्रीजच्या तळाशी ठेवलेली जुनी अँटिबॉडी. ती कशालाही चिकटायची. कावळा शिवत नाही म्हणून दर्भाचा करतात, तशी ती वापरत. संस्थेतल्याच देवस्थळीबाईंच्या यजमानांच्या वेळी ती काढावी लागली होती. तेव्हा कँटीनमध्ये मंदाकिनीबाईच म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं संसार करून एवढंही माहीत नसावं?"

"जरा बाहेर थांबता का सगळे?" त्या म्हणाल्या.

दार लागल्यावर त्या ट्रेवर वाकल्या. "अहो, मला माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. आता लोक ताटकळलेत. काहीतरी समजून घ्या ना."

त्यांनी मेंब्रेन बुडवलं, धुतलं, स्वतःच कॅमेऱ्याखाली धरलं. तेजश्रीचा पट्टा तेवढा दिसला.

त्यांनी दार उघडलं. बाहेरचे सगळे एकदम बोलायचे थांबले.

"आणा ती दुसरी."

दुसरी लगेच चिकटली. काळदात्यांच्या प्रथिनांना, मधल्या मोकळ्या जागेला, कडेला मंदाकिनीबाईंचं बोट लागलं होतं तिथेही. सगळं मेंब्रेन काळंकुट्ट झालं. कुठला पट्टा कुणाचा, काही कळायला मार्ग उरला नाही.

"शिवली ना, मॅडम?" एरंड्यांनी विचारलं. हे घरच्यांनीच सांगायचं असतं.

मंदाकिनीबाईंनी त्या काळ्यात बराच वेळ पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "शिवली."

"चला, सुटले बिचारे," गणपुले म्हणाले, आणि सगळे हात धुवायला गेले.