केशू अस्वलाचा मोडलेला पाय आणि दोन भोकांचा खेळ

एका जंगलात, पोरांनो, कुणाचं कुणाशी भांडणच उरलं नव्हतं. वाघ म्हातारा झालेला. तो दिवसभर झोपायचा आणि उठला की पेज प्यायचा. हरणं त्याच्या नाकासमोरून जाताना त्याची तब्येत विचारायची. त्यामुळे अख्खं जंगल जाम बोअर झालं होतं.

त्या जंगलात एक कोल्हाशेठ राहायचा. तो डोक्याने लई तेज. त्याने ओळखलं की पब्लिकला मारामारी पाहिजे, फक्त स्वतःला लागायला नको.

मग त्याने दोन पैलवान शोधले. एक केशू अस्वल आणि एक दगडू गवा. गवा म्हणजे तो रानातला काळा दांडगा बैल, ज्याला बघून आपले शाळेतले सर पण सायकल वळवतात. आता गंमत अशी की हे दोघं लहानपणापासूनचे जिगरी दोस्त. केशू झाडावर चढून मधाचं पोळं काढायचा. दगडू खाली उभा राहायचा आणि गवतावर सांडलेला मध चाटायचा. केशूचं सगळं पोट त्या झाडावर चढण्यावर चालायचं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

कोल्हाशेठने दोघांना समजावलं, की खोटं खोटं लढायचं. कोण कुठे पडणार ते आधीच ठरवायचं. पडलेल्याने जोरात ओरडायचं. आणि खरंच लागलं, तर समोरच्याचा पाय गुपचूप दोनदा दाबायचा, की तो लगेच सोडेल.

दोघांनी माना हलवल्या. अस्वलाने दाबलेलं खुराला कळतं का, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोपट फांदीफांदीवर बोंबलत फिरायला लागला, की दगडूने केशूच्या आजोबांना नदीत ढकललं होतं आणि आता केशू बदला घेणार. हे ऐकून केशूचे आजोबा स्वतः विचारायला आले, की मला नक्की कधी ढकललं. कोल्हाशेठने त्यांना कुस्तीची दंगल होईपर्यंत गुहेतून बाहेर पडायचं नाही अशी तंबी दिली.

दोस्तांना एकमेकांशी बोलायलाही बंदी झाली. मग ते करवंदीच्या जाळीला पाठ लावून बसायचे, एक इकडून, एक तिकडून. दगडू विचारायचा, जेवला का. केशू म्हणायचा, हळू बोल, वैरी आहेस तू माझा.

आणि जंगलात नुसता राडा. माकडं केशूची पार्टी, रानडुकरं दगडूची. सशाच्या बिळात तर नवरा केशूवाला आणि बायको दगडूवाली. दोघांनी बोलणं टाकलं. पिल्लांना गाजर कुणी द्यायचं यावर दोन दिवस बैठक चालली.

मग आला दंगलीचा दिवस. कोल्हाशेठने मैदानाभोवती कापडाची उंच कनात लावली आणि तिला बघायला भोकं पाडली. तिकीट एका भोकाला एक पेरू. दोन डोळ्यांनी बघायचं तर दोन भोकं, म्हणून दोन पेरू. घुबडाचे डोळे मोठे, त्याला जादा लावले. सांबर उंच असल्यामुळे वरून फुकट बघायला लागलं, तर त्याच्या डोक्यावर पोतं घातलं. जमलेले पेरू कोल्हाशेठने कापले, तिखटमीठ लावलं आणि त्याच लोकांना परत विकले. दोन अख्खे पेरू घेऊन एक कापलेला द्यायचा. तरी रांग संपेना.

दंगल सुरू झाली. केशूने छाती बडवली. दगडूने माती उडवली. पब्लिक इतकं पेटलं, की तोंडातल्या फोडी कनातीवरून आत फेकायला लागलं. मैदानात सगळा पेरूचा चिखल झाला.

आता शेवटचा डाव. ठरलं होतं असं, की केशू आडवा पडणार, दगडू खडकावरून उडी मारणार आणि त्याच्या बाजूला पडणार. मग पाय पकडून पिरगाळल्यासारखं करणार.

दगडूने उडी मारली. पेरूवरून त्याचा खूर सटकला. अख्खा गवा केशूच्या पायावर बसला.

केशू ओरडला. पण ओरडणं तर ठरलेलंच होतं. दगडू मनात म्हणाला, आज काय भारी ओरडतोय. केशूने त्याचा खूर दोनदा दाबला. मग चारदा. मग नुसता दाबतच सुटला. दगडूला काही म्हणजे काही कळलं नाही. त्याने ठरल्याप्रमाणे पाय पकडला आणि पिरगाळला.

कट्‌ असा आवाज आला. मग मात्र दगडूला कळलं.

तो कनातीकडे पळत गेला आणि रडत म्हणाला, "वैद्यबुवा, आत या. पाय खरंच मोडलाय. दोस्त आहे हो तो माझा."

बगळा वैद्य पहिल्याच भोकांना डोळे लावून उभा होता. तो म्हणाला, "बाळा, मी दोन भोकांचे दोन पेरू दिलेत. जागा सोडली तर शेठ परत दोन पेरू मागेल. तू रड, छान रडतोस."

दोस्त हा शब्द ऐकून रानडुकरं खवळली. आमचा दगडू असा पलटी मारतो म्हणजे काय. माकडं म्हणाली, स्टोरी मस्त फिरवली. सशाच्या नवराबायकोने तेवढ्यात बोलणं सुरू केलं, पण फक्त एवढंच सांगायला, की शेवट आवडला नाही.

कोल्हाशेठ आत आला. केशूजवळ वाकला.

"शेठ, खरंच मोडलाय," केशू कण्हत म्हणाला.

"दिसतंय मला," कोल्हाशेठ हळूच म्हणाला. "जरा मोठ्याने कण्ह. मागच्या भोकांना ऐकू जात नाहीये."

शेवटी दगडूनेच त्याला पाठीवर घेतलं आणि कनात फाडून बाहेर नेलं. वैद्य दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या त्याने आधी पंजाचा ठसा मागितला, पोरांना दाखवायला. तोपर्यंत पाय वाकडा बसला होता.

केशू परत झाडावर चढला नाही. आता दगडू झाडाला धडका मारतो, पोळं पडतं, मधमाश्या दोघांनाही चावतात आणि दोघं मिळून पळतात. म्हणजे दगडू पळतो, केशू त्याच्या पाठीवर असतो.

परवा केशू लंगडत नदीवर पाणी प्यायला गेला. काठावर सशाची सगळी पिल्लं जमली आणि टाळ्या वाजवायला लागली. त्यातलं एक पुढे येऊन म्हणालं, "काका, दंगल कधीच संपली ना. आता तरी सरळ चालून दाखवा."

केशूने प्रयत्न केला. पडला.

टाळ्या दुप्पट झाल्या.

तात्पर्य : पाय मोडायचाच असेल तर फुकटात मोडावा. तिकीट लावून मोडलात तर वैद्यसुद्धा टाळ्याच वाजवतो.