मामांच्या जोडीच्या कुंड्या

वसईजवळच्या सांडोरात दाराबाहेर पाऊल टाकलं की केळीचं पान तोंडावर येतं. अशा गावात घरात ठेवायला रोपं मागत फिरणारा माणूस मी एकच पाहिला, बस्त्यावमामा. तेही प्रत्येक रोप दोन दोन. कुणी एक कोरफड दिली तर विचारायचे, "हिची बहीन कुठं हाय?" प्रलयाआधी प्रत्येक प्राण्याची जोडी तारवात घेणाऱ्या बायबलातल्या नोहावरून गावानं त्यांचं नाव नोहा ठेवलं. मामांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाले, "बरोबर हाय. नोहालापन सगळे हसलेच होते. पुढं काय झालं त्या हसनाऱ्यांचं?"

मुंबईच्या गोदीत सुतारकाम करून ते म्हातारपणी गावी परतले होते. मी माणिकपूरच्या शाळेत मास्तर, त्यांच्या शेजारी भाड्यानं राहायचो. मेमध्ये मला सुट्टी, म्हणून पावसाळ्याची रोपं निवडायला मला सोबत न्यायचे. निवड कसली, उलटतपासणीच ती. राजोडीच्या एका बाईनं मोठ्या कौतुकानं गुलाबाची कुंडी पुढं केली.

"रोज पानी लागतं?"

"लागतं."

"ऊन?"

"ते तर लागनारच की, मामा."

"आनि खत?" बाईनं होकारार्थी मान डोलावली तसे मामा उठलेच. "हे रोप नाय, जावाय हाय! मला लाडावलेलं नको."

त्यांच्या परीक्षेत पास व्हायची ती नागीण, पानफुटी, कोरफड आणि एखादा नेचा. थोड्या उजेडात, घोटभर पाण्यावर गपगुमान राहणारी मंडळी.

पावसाच्या तोंडावर आमच्याकडं घरांना पश्चिमेच्या अंगानं माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतात. भिंती वाचतात, पण चार महिने घरात दिवसाढवळ्या दिवा लावायची पाळी येते. मामा सगळी भिंत झाकायचे आणि एक खिडकी मात्र सताड उघडी सोडायचे. तिच्यात रॉकेलचे कापलेले डबे आणि डब्यांत रोपं. गाव समजवायला यायचं. एकदा फादरही आले. "बस्त्याव, भिंत पडेल."

"पडू द्या, फादर. उजेड जास्त येईल."

फारच कुणी मागं लागलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "माझं घर, माझी खिडकी. भिजनार मी, तुमाला काय!"

त्या खिडकीशी एक खाट होती आणि खाटेवर त्यांची धाकटी बहीण, कार्मीबाय. दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं. कार्मीबायचे पाय कित्येक वर्षांपूर्वी लुळे पडलेले, उजवा हात तेवढा चालायचा. तिची वेणी घालण्यापासून पेज शिजवण्यापर्यंत सगळं मामा करायचे. रोपांना मात्र ते हात लावत नसत. तिथं कार्मीबायचं राज्य. छोट्या पितळी पेल्यानं ती मोजून पाणी घालायची आणि येईल त्याला सांगायची, "इतक्या वर्षांत माझ्या हातचं एकपन रोप मेलं नाय." ती असं म्हणाली की मामा उगाच वर कौलं तपासायचे.

एका जुलैत मामा चार दिवस चर्चची बाकं दुरुस्त करायला जात होते. सकाळची शाळा आटपून मी दुपारी चौकशीला डोकावायचो. कार्मीबाय झोपलेली असायची. कोरफडीची माती मला कोरडी वाटली. घातलं तांब्याभर पाणी. मग चारही दिवस ते पुण्य केलं.

पाचव्या दिवशी कोरफड बुडाशी पिवळी, लिबलिबीत. मामांनी मातीत बोट घातलं, माझ्याकडं पाहिलं आणि बाही धरून मला मागच्या पडवीत नेलं. तिथं तशाच डब्यांत प्रत्येक रोपाचं जुळं ओळीनं मांडलेलं होतं. मला हसू आलं. मामा हसले नाहीत.

"पावसात रोपं तहानेनं मरत नायत, मास्तर, पाजून पाजून मरतात," ते म्हणाले. आवाज चढलेला, डोळे भरलेले. "तिचं सगळं मी करतो. तिनं करायचं असं एवढंच उरलंय. तिच्या हातून एक रोप गेलं ना, तर ती पेला खाली ठेवील. मग परत उचलनार नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जागी व्हायच्या आत मामांनी कोरफड बदलली.

दोन दिवसांनी मामा बाजारात गेलेले असताना कार्मीबायनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "मास्तर, त्या कोरफडीला सात पानं होती. हिला नऊ हायत."

मामा परत येत नाहीत ना, म्हणून मी दाराकडं पाहिलं.

"घाबरू नका. नेचापन दोनदा बदललाय त्यानं. मला पहिल्या सालापासून ठाऊक हाय."

"मग त्यांना सांगत का नाही?"

तिनं नव्या कोरफडीला घोटभर पाणी घातलं. "मी बोलली तर तो रोपं आनायचंच सोडील. जोडीची रोपं शोधायला त्याला सगळी वसई पालथी घालावी लागते. तेवढाच चार मानसांत जातो, भांडतो, हसतो. नायतर माझ्या खाटेचा पाचवा पाय होऊन बसनारा तो." पेला तिनं जपून उशाशी ठेवला. "त्याला सांगू नका."

मी कधीच सांगितलं नाही.

पुढच्या मेमध्ये घरमालक माझ्या भिंतीला झाप बांधायला आला. मी म्हटलं, पश्चिमेची खिडकी मोकळी राहू दे. तो ओरडला, "मास्तर, तुमीपन? सगळं भिजल ना!"

"भिजणार मी," मी म्हणालो, "तुम्हाला काय!"

भिंत त्याची होती, हे खरं. पण त्या खिडकीत ठेवायला मला दोन नागिणी हव्या होत्या, अगदी एकसारख्या. आणि तशा शोधायच्या म्हणजे मामांना माझ्याबरोबर पार राजोडीपर्यंत यावं लागणार होतं.