लाल बादली आणि उपाशी अजगरीण

उंदीर पाळायला काय अक्कल लागते? एक नर, दोन माद्या, भुसा, दाणे. पुढचं सगळं ते आपलं आपण बघतात! मी हे छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा बायको रडत होती म्हणून गप्प बसली. एरवी लीहुआने मला सोडलं नसतं!

रडत होती ती फेंगलीपायी. फेंगली म्हणजे आमच्या तैवानात अननस, आणि आमचा अननस म्हणजे अकरा वर्षांची अजगरीण, लीहुआबरोबर लग्नात आलेली. तीन महिने तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. दुकानातला गोठवलेला उंदीर समोर धरला की मान फिरवायची, अगदी हॉटेलातला भात बघून माझी मावशी फिरवते तशी. दर रविवारी तिचं वजन, आणि दर रविवारी लीहुआच्या डोळ्यांत पाणी.

"ही माझ्या डोळ्यांदेखत जाणार रे," ती म्हणायची. मला ते बघवेना. म्हणून हा घरच्या ताज्या उंदरांचा बेत!

अडचण एकच, तळमजल्यावरच्या घरमालकीण लाईकाकू. अजगरीण त्यांना चालायची. "गप्प पडून असते. तुझ्यापेक्षा बरी भाडेकरू!" पण उंदीर? शेपटी दिसली तरी आम्ही सामानासकट रस्त्यावर! त्यामुळे सगळा कारभार मागच्या बाल्कनीत, गुपचूप. दोन महिन्यांत तिघांचे तेवीस झाले, पण पिल्लं अजून फेंगलीच्या घासाएवढी व्हायची होती.

त्या संध्याकाळी मी पिंजरा धूत होतो. उंदीर तेवढ्यापुरते झाकणाच्या लाल बादलीत ठेवले होते. आणि खाली गल्लीत कचरागाडीचं गाणं सुरू झालं!

ताइनानच्या गल्लीत वाढलेल्या माणसाचे पाय ते गाणं ऐकून आपोआप धावतात, डोकं मागाहून येतं. गाडी चुकली की घाण परवापर्यंत घरात! मी लाल बादली उचलली आणि सपाता फटफटवत तीन जिने उतरलो. ओल्या कचऱ्याची बादलीही लालच होती, हे मला दुसऱ्या जिन्यावर आठवायला हवं होतं.

गाडीमागे सगळी गल्ली जमली होती. ओल्या कचऱ्याची दोन पिंपं, कच्च्याचं खताला, शिजलेल्याचं डुकरांना, आणि त्यांच्यापाशी लाईकाकूंचा पहारा. त्यांना कुणी नेमलेलं नाही, पण विचारतो कोण!

"काय आणलंस? कच्चं की शिजलेलं?"

"कच्चं, काकू!"

"मागच्या वेळी कच्च्यात हाडं टाकली होतीस. दाखव!"

"काकू, राहू द्या ना..."

त्यांनी झाकण उघडलं.

अहो, काय सांगू! तेवीस पांढरे उंदीर एकदम मोकळे! नूडलवाला स्कूटरवर चढला. त्याची बायको त्याच्यावर चढली. काकूंच्या बाहीतून एक आत गेला आणि मानेपाशी बाहेर आला. गाडीवाला म्हणाला, "हे माझ्या यादीत नाही," आणि गाणं वाजवत निघून गेला. कुणाचाच कचरा गेला नाही! सगळ्या गल्लीने पिशव्या हातात धरून माझ्याकडे असं बघितलं, की मी उंदरांच्या मागे पळालो.

चौदा सापडले. बाकीचे सापडायची वाट न बघता काकू वर आल्या.

"उद्याच्या उद्या खोली रिकामी कर!"

दारात लीहुआ उभी होती, गळ्यात फेंगली. पार वाळलेली. "काकू, हिच्यासाठी केलं हो त्याने. पाच महिने उपाशी आहे ही. आजही काही खाईना." आणि ती हमसून रडू लागली.

काकू आत शिरल्या. मग ओट्यावर वाडग्यात पडलेला दुकानातला उंदीर त्यांनी बोटाने दाबून बघितला.

"हा असाच देता हिला?"

"बर्फ वितळला की देतो," मी म्हणालो.

"अगं बाई! गारढोण! म्हाताऱ्या बाईला गारढोण जेवण वाढता? लाज नाही वाटत? किटली ठेव!"

गरम पाण्यात दहा मिनिटं. मग पुसून, चॉपस्टिकच्या चिमटीत धरून काकूंनी तो फेंगलीपुढे हलवला. जीभ बाहेर आली. एकदा. दोनदा. आणि खट्! उंदीर तोंडात!

लीहुआने काकूंना मिठी मारली. मीही मारणार होतो, पण काकूंनी चॉपस्टिक रोखल्या. खोलीचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. आता दर मंगळवारी काकू स्वतः किटली घेऊन वर येतात, आणि फेंगलीच्या अंगावर मांस धरू लागलंय.

दोन महिने मी भुसा उपसला आणि काम किटलीभर पाण्याचं होतं, हे लीहुआ सगळ्यांना सांगते. सांगू दे. हसते आहे ना!

राहिले चौदा उंदीर. "एवढे जिवावर उदार होऊन पळाले बिचारे, त्यांना कुणी हात लावायचा नाही," असा तिचा हुकूम आहे. म्हणून मी नर-माद्या अगदी नीट, खात्रीने, दोन पिंजऱ्यांत वेगळ्या केल्या आहेत. फक्त त्यातला एक नर गेल्या आठवड्यापासून जरा जाड होत चाललाय!