आबा मिस्त्री आणि आपोआप उतरणारी काच

आबा मिस्त्री कुठल्याही गाडीचं काम हाती घेतलं की आधी आतल्या आरशावर फडकं टाकायचे. ट्रक असो, जीप असो, नाहीतर डॉक्टरांची छोटी मोटार. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "मास्तर, मागच्या शिटवर कोण बसलंय ते दिसलं की हात चालत नाय."

मागच्या सीटवर कोणीच नव्हतं. मी तसं सांगितलं.

"तुम्हाला दिसत नाय ना? मग बरं हाय," असं म्हणून त्यांनी पान्हा उचलला.

मी तेव्हा बिरवाडीच्या शाळेत शिकवत होतो. महाडचे कारखाने नुकते उभे राहत होते आणि बिरवाडीत भाड्याची खोली मिळणं म्हणजे नशीब काढणं. मला मिळाली ती आबांच्या गॅरेजला लागून, मध्ये एकच भिंत. पहिल्याच सकाळी दात घासताना पलीकडून आवाज आला, "काय झालं गो? कुठं दुखतंय? रात्रभर झोपली नायस वाटतं." आठ दिवस मला वाटत होतं, यांच्या घरात आजारी बायको आहे. नवव्या दिवशी कळलं की तो एका टेंपोचा डायनामो होता.

आबा पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत आणि एकटे. मुंबईत वीस-बावीस वर्षं विलायती गाड्यांचं वायरिंग केलेलं. मग एके दिवशी हातातलं काम टाकून गावाकडं आले. का आले, असं कोणी विचारलं तर, "हवा मानवली नाय." मुंबईची हवा वीस वर्षं मानवून एकदम कशी बिघडली, हे विचारायची सोय नव्हती. गाडीत बसायच्या आधी ते चपला बाहेर काढायचे. गाडी बिघडली म्हटलेलं त्यांना खपत नसे, ती 'रुसायची'. आणि गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी त्यांचं एकच, "घाई नाय करायची. ती सांगतेय."

एका श्रावणात त्यांच्याकडं एक लांबलचक विलायती गाडी आली. पोलादपूरकडच्या भाऊसाहेबांची. भाऊसाहेब मोठे बागायतदार. मुंबईच्या एका शेटकडून त्यांनी ती जुनी गाडी हौसेनं घेतली होती. तिच्या काचा कळ दाबली की विजेवर वरखाली व्हायच्या. असली करामत आमच्या भागात कोणी पाहिली नव्हती. पहिले दोन महिने गावातली माणसं नुसती ती कळ दाबून बघायला यायची.

पण गाडी गॅरेजला घेऊन आला तो एकटा ड्रायव्हर, दगडू. भाऊसाहेब मागून एस.टी.नं आले. पुढच्या काचेखाली लिंबू-मिरची, स्टिअरिंगला काळा दोरा.

"मागची डावी काच," दगडू हळू आवाजात म्हणाला. "तीन बोटं उघडी ऱ्हाते. कळ दाबली तरी वर जात नाय. आनि कशेडीच्या चढाला एक वळन हाय, तिथं गाडी गेली की आपसूक खाली येते. पूर्न खाली. कोन हात लावत नाय."

"आणि?" आबांनी विचारलं. जणू एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नव्हतं.

दगडूनं भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेब रस्त्याकडं बघत होते.

"आनि बांगड्या वाजतात," दगडू म्हणाला. "मागं. रिकाम्या शिटवर."

भाऊसाहेबांच्या आईनं देवऋषी बोलावला होता. त्यानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारून सांगितलं होतं की एक पोर आहे, तिचं गाडीत काही राहिलंय, ती उतरू बघतेय. तेव्हापासून घरातलं कोणी गाडीत बसत नव्हतं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिलं काम केलं ते लिंबू उचलून दगडूच्या हातात दिलं. "हे घरी न्या. आंबटानं तांब्याची तार खराब होते." मग आरशावर फडकं टाकलं, चपला काढल्या आणि म्हणाले, "चला, तिला त्या वळनावर घेऊन जाऊ. मास्तर, तुमी पन चला. शिकल्यासवरलेला मानूस बरोबर बरा."

मी का गेलो, हे मला अजून सांगता येत नाही.

दुपारचे तीन वाजले असतील, पण घाटात ढग खाली उतरला होता. रस्त्याच्या कडेचे दगड दिसत आणि पुसले जात. दगडू दिवे लावून चालवत होता, मी त्याच्या शेजारी. आबा मागं, सीटवर नाही, खाली पायांच्या जागेत बसून डाव्या दाराला कान लावून. डोळे मिटलेले. पोलादपूर मागं पडलं.

ते वळण आलं तेव्हा दगडूनं सांगायची गरज पडली नाही. त्याचे खांदे आक्रसले. गाडी उजवीकडं वळली, अंग डावीकडं कललं आणि मागून ऐकू आलं. किण्, किण्, किण्. लहान हातातल्या काचेच्या बांगड्या, पोरगी झोपेत कूस बदलते तशा. मग एक घरघर झाली आणि काच सरळ, सावकाश खाली गेली. ढग आत आला. माझ्या मानेवर ओलं गार काहीतरी टेकलं. ते धुकंच होतं, पण ते मला नंतर पटलं.

"थांबव," आबा म्हणाले.

गाडी थांबली. आवाजही थांबला. आबांनी दारावर तळहात ठेवला आणि अगदी हळू, घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कुठं उतरायचंय गो, बाय?"

दगडू दार उघडून बाहेर जाऊन उभा राहिला. मी जागेवरच बसून राहिलो. आबांनी पुन्हा दाराला कान लावला. मग मला म्हणाले, "चला माघारी. ती दारात हाय."

गॅरेजच्या उजेडात, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांनी काम सुरू केलं तेव्हा ते निराळेच होते. बोलणं बंद. फ्यूज पाहिला, चांगला. कळ उघडून दिव्यानं तपासली, चांगली. बॅटरीची तार सरळ काचेच्या मोटारीला लावली, मोटार फिरली. मग दार उघडून त्यांनी बिजागरीजवळची रबराची नळी मागं सरकवली आणि मला बोटानं दाखवलं. गाडीतून दारात जाणाऱ्या तारा तिथं रोज दुमडून दुमडून झिजल्या होत्या. काच वर नेणारी तार तुटलेली, टोकाला टोक लागलं तरच चालणारी; खाली आणणारी नुसती सोललेली. बिजागरी खिळखिळी. त्या वळणावर दार कललं की सोललेली तार शेजारच्या जिवंत तारेला टेकायची, आणि काच उतरायची.

काम बघायला पुन्हा एस.टी.नं आलेल्या भाऊसाहेबांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे काही नाही."

"काचेचं झालं," आबा म्हणाले. "बांगड्यांचं ऱ्हायलंय."

त्यांनी दाराचा आतला पत्रा काढला. खाली तळाशी, गंज आणि मातीत, हिरव्या बांगड्या पडल्या होत्या. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या मापाच्या. सात आख्ख्या, बाकी तुकडे. एक तुकडा काच चढवणाऱ्या दातेरी चक्रात घट्ट बसला होता. त्यामुळंच काच तीन बोटं उघडी राहत होती. दगडू भिंतीला टेकला.

"नदीत सोडा," भाऊसाहेब म्हणाले.

"कुनाच्या हायत ते विचारल्याबिगर?" आबांनी बांगड्या धोतराच्या फडक्यात बांधल्या. "त्या शेटचा पत्ता द्या."

पत्र मी लिहिलं. आबांना लिहिता येत होतं, पण अक्षराची लाज वाटायची. बांगड्या सापडल्या, कोणाच्या असतील त्यांना हव्या असल्यास कळवावं, एवढंच. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात गाडी दुरुस्त होऊन गेली, काच वरखाली होऊ लागली, भाऊसाहेबांची आईसुद्धा बसली. पण आबा बदलले होते. पलीकडून आवाज येईनासा झाला. ते फडकं सोडून बांगड्यांकडं बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, एवढ्या ल्हान पोरीचं काय झालं असंल?"

मग पत्र आलं. शेटनं नव्हे, त्यांच्या मुलीनं लिहिलं होतं. बांगड्या तिच्याच. लहानपणी आईनं भरलेल्या बांगड्या तिला टोचायच्या, म्हणून ती एकेक काढून काचेच्या फटीतून दारात टाकायची आणि हरवल्या म्हणून सांगायची. आता तिचं लग्न झालं होतं, नाशिकला असते, दोन मुलं आहेत. पत्र वाचून घरात सगळे खूप हसलो, असं लिहून तिनं शेवटी लिहिलं होतं, बांगड्या शेजारच्या एखाद्या मुलीला द्या.

मी हसत हसत वाचलं. आबा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा, फक्त 'नाशिकला असते' तेवढंच.

"जिवंत हाय," ते म्हणाले. "आनि आपन सगळ्यांनी मिळून तिला मेलेली धरली."

"देवऋषीनं सांगितलं होतं ना," मी म्हणालो.

"मला कुनी सांगितलं नव्हतं." ते बांगड्यांकडं बघत होते. "मी माझ्याच मनानं तिच्या नावानं आंघोळ केली. अकरा वर्सं झाली. चाळीतल्या नळावर, सगळ्यांदेखत."

गाडीबद्दल ते बोलत नाहीत, हे मला उशिरा समजलं. त्यांना सुमन नावाची मुलगी होती. आई लहानपणीच गेलेली, आबांनीच वाढवलेली. तिनं मनाप्रमाणं लग्न केलं. मुलगा आमच्यातला होता, म्हणजे बौद्ध. तीन वर्षं माझ्या घरचा चहा पिणाऱ्या माणसानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. सांगतानाही त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"तुमच्याजवळ आनखी एक अंतर्देशीय हाय काय?" त्यांनी विचारलं.

मी आणलं. काय लिहू, म्हटलं. त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी मला त्या विलायती गाडीचं सगळं सांगायला लावलं. तुटलेली तार, सोललेली तार, खिळखिळी बिजागरी. अंतर्देशीय भरत आलं तरी मुलीबद्दल एक अक्षर नाही. कोपऱ्यात जेमतेम एका ओळीची जागा उरली तेव्हा ते म्हणाले, "लिवा. तू बरी हायस काय, येवढंच कळव."

मी ते लिहिलं, घडी घातली, चिकटवलं आणि उलटं केलं. अकरा वर्षांत घर बदललं असेल, पत्ता कुठून आणायचा, या विचारात मी पेन धरून बसलो.

आबांनी डोळे मिटले आणि न अडखळता सांगायला सुरुवात केली. नवऱ्याचं नाव, आडनाव, चाळ, जिना, खोली. दोनदा बदललेलं घर. आधीचा पत्ता नको, हा नवा, गेल्या दिवाळीपासूनचा. दूधकेंद्राच्या समोर.